संकल्पाची सायकल

हल्ली फोनवर कुणी ना कुणी दानधर्माचं काहीतरी पाठवतंच. जुने चष्मे द्या, जुने स्वेटर द्या, अमक्या गावच्या मुलींना सायकली द्या. माझी नात विचारते, "आजी, हे खरं असेल का गं?" मी नीट वाचून घेते आणि तिला एवढंच सांगते, "आधी मिळालेल्या सायकली आत्ता कुठे उभ्या आहेत, ते विचार त्यांना." तिला वाटतं, म्हातारीचं डोकं फिरलं. फिरलेलं नाही, बाई. एका थंडीत माझी स्वतःची सायकल दान झाली आणि कितीतरी दिवस कुणाकडे पोचलीच नाही, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात बसलाय तो बसलाय.

आम्ही तेव्हा बनारसला, मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत राहत होतो. दोन खोल्या, एक गच्ची, आणि जिन्याखाली बऱ्यापैकी मोठी मोकळी जागा. त्या जागेत आमचं सायकलींचं दुकान होतं. दुकान म्हणायचं आपलं. विकायचं काही नाही, गल्ला नाही, पाटी नाही. कुणी मोडकी सायकल आणून टाकायचा, आप्पा, म्हणजे माझे वडील, ती दुरुस्त करायचे आणि ज्याला गरज असेल तो ती घेऊन जायचा. वेदपाठशाळेतले विद्यार्थी, डबे पोचवणाऱ्या बायका, नुकतीच नोकरी लागलेली पोरं, सगळे यायचे. आप्पा रेल्वेच्या ऑफिसात कारकून. संध्याकाळी घरी आले की चहा घेऊन जे खाली जायचे ते जेवायला तीनदा हाका मारल्याशिवाय वर यायचे नाहीत. "लष्कराच्या भाकऱ्या भाजा," असं आई वरून म्हणायची, आणि मग स्वतःच चहाची किटली घेऊन खाली जाऊन बसायची. माझ्या लहानपणाचा आवाज कुठला म्हणाल तर घाटावरची घंटा नव्हे. आप्पा चाक फिरवून एकेक तार बोटाने छेडायचे, आणि सैल तार सापडली की "हं, सापडली लबाड" म्हणायचे, तो आवाज.

अशी आणखी दोन दुकानं होती शहरात. बंगाली टोल्यात बिश्वासदा, शाळेत गणित शिकवायचे आणि सुट्टीत सायकली सुधारायचे. मदनपुऱ्यात नसीमचाचा, घरचे हातमाग, आणि अंगणात सायकलींचा ढीग. हे तिघं एकमेकांना सुटे भाग द्यायचे, एकमेकांच्या कामाला नावं ठेवायचे, आणि महिन्यातून एकदा आमच्या जिन्याखाली जमायचे. आमच्या घरात मराठी, जिन्याखाली हिंदी, आणि तिघं भांडायला लागले की खास बनारसी. पुण्याची मावशी आली की म्हणायची, "शकू, तुझं मराठी म्हणजे गंगाजमुना झालंय." मी म्हणायची, "मावशी, इथे गंगा आहे, जमुना नाही, जरा समझून बोल." मावशीच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

माझी सायकल याच दुकानात बनली होती. सांगाडा एकीचा, चाकं दुसरीची, सीट नसीमचाचांनी स्वतः शिवून दिलेली. मी लंका नावाच्या भागातल्या कॉलेजात जायला लागले होते, आणि आमच्या घरातली कॉलेजात जाणारी पहिली मुलगी मीच. सोनारपुरा, अस्सी, लंका असा रस्ता. रिक्षा परवडणारी नव्हती आणि पायी गेलं तर पहिला तास बुडायचा. सायकल होती म्हणून कॉलेज होतं. आप्पांना मी हे अगदी स्वच्छ सांगितलेलं होतं.

तर त्या थंडीत अभयभैया आले. एका संस्थेचे कार्यकर्ते. पांढरा कुर्ता, गळ्यात मफलर, बोलणं लोण्यासारखं. गंगेपलीकडे, रामनगरच्या पुढच्या गावात मुलींची शाळा आठवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर रामनगरला जायला हवं, आणि एवढं चालत कोण पाठवणार मुलीला? "बेटियों के पैर में पहिया लगा दीजिए, भाई साहब," असं म्हणाले आणि आप्पांचे डोळे लगेच भरून आले. आप्पांचे डोळे भरायला फार काही लागायचं नाही. अभयभैयांना लोकांकडून जुन्या सायकली गोळा करायच्या होत्या, आणि त्यासाठी तिन्ही दुकानांचा शब्द हवा होता. कारण गल्लीतले लोक संस्थेला ओळखत नव्हते, आम्हाला ओळखत होते.

बिश्वासदांनी आदल्या वर्षीच त्यांना सायकली दिलेल्या होत्या. "मिल गयी होंगी लड़कियों को?" असं नसीमचाचांनी विचारलं, तर अभयभैया म्हणाले, "पहुँच गयी हैं. बस, कार्यक्रम होना है." चाचा म्हणाले, "कार्यक्रम काहे का? साइकिल चढ़ने का?" अभयभैया गेल्यावर म्हणाले, या माणसाने आत्तापर्यंत रंग विचारला, झेंडे लावायला जागा विचारली, ब्रेकबद्दल एक अक्षर नाही. बिश्वासदा म्हणाले, चांगल्या घरचा मुलगा आहे, छापील पत्रकात एकही चूक नाही. "तो पूरे नंबर दे दीजिए, मास्टर साहब," चाचा म्हणाले. असं दोन संध्याकाळी चाललं. तिघंही आपापल्या जागी बरोबर होते, म्हणूनच काही ठरेना. शब्द दिला आणि हे सगळं खोटं निघालं तर पुढे कुणी आम्हाला मोडकी घंटीसुद्धा देणार नाही, हे तिघांनाही कळत होतं.

आणि मध्येच आली संक्रांत. बनारसात तिला खिचडी म्हणतात. घरात गुळपोळ्यांचा खमंग वास, शेजारच्या मिसराइनकडून आलेला चूडा-मटर, म्हणजे मटारचे पोहे, गच्चीवर पतंगांवरून आरडाओरडा. आप्पा घाटावर स्नान करून आले ते डोक्यात काहीतरी घेऊनच. म्हणाले, "दानाचा दिवस आहे. लोकांकडे मागायच्या आधी दुकानदाराच्या घरची पहिली गेली पाहिजे. शकू, तुझी सायकल."

मी पोळी तोंडाशी नेली होती ती तशीच राहिली. "माझी? आणि मी कॉलेजला काय पतंगावर बसून जाऊ?"

"तुला दुसरी करून देतो गं. महिन्याभरात."

"मग ती दुसरीच द्या की त्यांना!"

"घरात नको असलेलं देणं म्हणजे दान नव्हे, अडगळ काढणं झालं," आप्पा म्हणाले. मी आईकडे बघितलं, तर ती तव्याकडे बघत होती. ती गप्प बसली याचा राग मला आप्पांच्यापेक्षा जास्त आला.

नानाकाका, आप्पांचे थोरले भाऊ, दशाश्वमेध घाटावर बसायचे. महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची पूजा, श्राद्ध, दानं त्यांच्या हातची. काकांचं सगळं शिस्तीत. सायकल खाली आणून धुतली, हँडलला झेंडूची माळ घातली, आणि काका पळी-पंचपात्र घेऊन बसले ते अडलेच. दानाच्या प्रत्येक वस्तूला देवता लागते. गाईची आहे, सोन्याची आहे, सायकलची कोण? पोथी उलटीसुलटी चाळली, मग म्हणाले, "विश्वकर्मा." पुढचा प्रश्न, कुणाला? संकल्पात घेणाऱ्याचं नाव-गोत्र लागतं. आप्पा म्हणाले, गावातल्या एका मुलीला. "कुठल्या?" ते काही आप्पांना माहीत नव्हतं. तेव्हा काकांनी पोथीतली सोय काढली: जिचं जे नाव, जे गोत्र असेल तिला. मला पुढे बसवून हातावर पाणी घातलं. मी ते ताम्हनात सोडलं आणि दात-ओठ खात म्हटलं, "न मम." माझं नाही. तोंडाने म्हटलं. मनात माझी, माझी, माझी असंच चाललं होतं.

आता गंमत बघा. घाई झाली ती इथे. कुठलाही शहाणा माणूस आधी चौकशी करतो, मग वस्तू सोडतो. आमच्याकडे पाणी सुटलं, सायकल गेली, आणि घेणारीचा पत्ता नाही! अभयभैया आले तर म्हणाले, "नाम तो कार्यक्रम के दिन ही पता चलेगा. मंत्रीजी की तारीख मिल जाए बस." म्हणजे सायकल जिन्याखाली उभी. मी म्हटलं, तोवर मी चालवते. काका कडाडले, "दत्तापहार! दिलेलं परत घेणं. त्याला प्रायश्चित्त आहे, विचारून घे आईला, जमतंय का तुला." झालं. मी रोज पहाटे उठून पायी लंकेला, आणि माझी सायकल गळ्यात सुकलेली माळ घालून दारात. येता-जाता पाय लागायचा तिला, आणि नमस्कार करावा लागायचा ते वेगळंच. कॉलेजात पहिला तास इतिहासाचा. त्या वर्षीचा इतिहास मी मैत्रिणीच्या वहीतूनच वाचला.

दोन आठवड्यांनी लोक नावं ठेवायला लागले. "का हो जोशीजी, तुमची पहिली गेली नाही अजून?" आप्पांचा चेहरा उतरला. रात्री जेवताना वरणात भात कालवत बसायचे, खायचे नाहीत. एक दिवस आईनेच तोंड उघडलं. "नुसते तर्क किती दिवस करणार? नदीपलीकडे गाव आहे ना? होडी आहे ना? जाऊन बघा की. आणि सायकल न्या सोबत. मुलगी भेटली तर देऊन मोकळे व्हा, नाही भेटली तर काकाच सांगतील काय करायचं." इतकी साधी गोष्ट तीन दुकानांतल्या तिघा पुरुषांना सुचली नव्हती. आई म्हणाली, "मी पण येते, नाहीतर तिथेही चर्चाच कराल."

मग शनिवारी निघालो सगळे. आप्पा, आई, नानाकाका पूजेची पिशवी घेऊन, बिश्वासदा, आणि खांद्याला पंप अडकवलेले नसीमचाचा. सायकल न्यायची पण चढायचं नाही, म्हणून मी ती हातात धरून अहिल्याबाई घाटापर्यंत ढकलत नेली. पानवाल्याने विचारलं, "पंचर बा का, बहिनी?" मी म्हटलं, "नाही, संकल्प आहे." तो "अच्छा" म्हणाला, जसं काही हे त्याला रोजच कुणीतरी सांगतं. घाटावरून सायकलसकट होडीत चढलो. पाण्यावर धुकं होतं. आईने डबा उघडला, गुळपोळी आणि वर तूप. नसीमचाचांनी खाऊन विचारलं, "भाभी, ये हर साल बनता है?" आई म्हणाली, "तुम्ही दर वर्षी आलात तर दर वर्षी." त्यानंतर ते खरंच दर संक्रांतीला आले, शेवटपर्यंत.

गाव सापडलं, शाळा सापडली. हेडमास्तर कपाळाला ठसठशीत टिळा लावलेले, अंगावर शाल, अतिशय भले. बिश्वासदांनी भीत भीत विचारलं, पिछले साल की साइकिलें? "हाँ हाँ, सब हैं!" म्हणत त्यांनी आम्हाला मागे नेलं आणि एका खोलीचं कुलूप काढलं. खरंच सगळ्या होत्या. एकावर एक कलंडलेल्या, टायर बसलेले, साखळ्या गंजलेल्या, उंदरांनी सीटचा कापूस काढून घरटी केलेली. बिश्वासदांना त्यांची हिरवी लेडीज सायकल ओळखू आली. ते बाहीने तिच्यावरची धूळ पुसायला लागले. आप्पा म्हणाले, "आहेत! चोरी नाही झाली, आहेत सगळ्या!" नसीमचाचा म्हणाले, "हाँ भैया, दफ़न भी इज़्ज़त से हुई हैं."

दारात मुली जमल्या होत्या. वर्षभर त्या खिडकीतून या सायकलींकडे बघत होत्या. हेडमास्तर हात जोडून सांगत होते, ऊपर से आदेश आहे, मंत्रीजींच्या हातून वाटप होणार, तोवर हात लावायचा नाही. त्यातल्या काही मुली आठवी होऊन घरी बसल्या होत्या, रामनगरला जायचं साधन नाही म्हणून. आणि साधन कुलपात! माझं डोकंच फिरलं. मी काहीतरी बोलणार होते, पण तोंड उघडलं आणि एकदम आमच्या जिन्याखाली दोन आठवडे माळ घालून उभी ठेवलेली माझी सायकल आठवली. त्यांच्याकडे खोलीभर, आमच्याकडे एक.

नानाकाका पुढे आले. त्यांनी हेडमास्तरांना विचारलं, "या सायकलींचं दान झालं आहे का?"

"जी नहीं, वही तो बाकी है."

"म्हणजे अजून देणाऱ्याच्याच आहेत." काका बिश्वासदांकडे वळले. "आणि देणारा इथे उभा आहे. घेणाऱ्या दारात आहेत. गंगा मी लोट्यात आणली आहे. पंडितजी, एकदा कन्येच्या हातावर पाणी पडलं की ती वस्तू तिची. मग ती कुलपात ठेवली तर कन्येचं धन अडवल्याचा दोष लागतो. कोणाला, ते मी सांगत नाही. तुम्ही जाणते आहात."

काका हे सगळं मराठी-हिंदी मिसळून बोलले, पण हेडमास्तरांना शब्द न् शब्द कळला. एका बाजूला मंत्री, दुसऱ्या बाजूला कन्येचं धन, आणि समोर काशीचा ब्राह्मण. शेवटी त्यांनी किल्ली ओसरीवर ठेवली आणि म्हणाले, "आप लोग बैठिए. हम ज़रा घर से पानी पी के आते हैं." ते परत आले ते दिवस कलल्यावर. मी आयुष्यात इतकं लांबलचक पाणी पिणं पाहिलेलं नाही, आणि त्या माणसाबद्दल आजही मला प्रेम वाटतं.

मग काय विचारता! आप्पांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. नसीमचाचांचा पंप थांबेना. बिश्वासदा साखळ्यांना तेल पाजत होते आणि मुलींना चक्राच्या दातांचं गणित समजावत होते. आई उंदरांच्या घरट्यांना नाक मुरडत फडकं मारत होती. जी सायकल तयार होईल ती काकांसमोर. बिश्वासदा पाणी सोडायचे, मुलगी ओंजळ पुढे करायची. काका नाव विचारायचे, गोत्र विचारायचे. गोत्र बऱ्याच जणींना माहीत नव्हतं. "काश्यप," काका म्हणायचे. "ज्याला ठाऊक नाही तो काश्यप. सगळ्यांचा बाप तोच." अभयभैया पुढे चार दिवसांनी आमच्याकडे आले, जरा रुसलेले, कारण झेंडे तसेच राहिले. आईने त्यांना पोळी वाढली. खाऊन म्हणाले, "चलिए, काम तो हो गया." तो माणूस लबाड नव्हता. त्याला सायकलीपेक्षा सोहळा मोठा वाटत होता, एवढंच. आणि आम्हालाही कुठे वेगळं वाटत होतं?

सगळ्यात शेवटी माझी. फुलमती नावाची मुलगी पुढे आली. माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी लहान, आठवी होऊन घरी बसलेली. काकांनी संक्रांतीचा अर्धा राहिलेला संकल्प तिचं नाव घालून पुरा केला. मी तिच्या ओंजळीत पाणी सोडलं, तर ती सायकलीकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "दीदी, फिर आप पढ़े कइसे जाइब?"

आप्पांनी मान फिरवली. ते पाना शोधायला लागले, जो त्यांच्या हातातच होता. मी म्हटलं, "पैदल. आता सवय झाली." आणि खरंच उन्हाळ्यापर्यंत मी पायीच गेले, आप्पांची महिन्याभरातली दुसरी सायकल शिमग्यानंतर कधीतरी आली. फुलमतीला मी विचारलं, "चलाना आता है?" तिने मान हलवली. नाही.

शाळेपासून नदीपर्यंत पायवाट होती, आणि पुढे घट्ट झालेली वाळू. मी तिला बसवलं आणि सीट मागून धरली. तीच सीट, चाचांनी शिवलेली, जिच्या टाक्यांवर माझी बोटं आपोआप जायची. ती डुगडुगत निघाली, मी मागून पळत. "छोड़िएगा मत, दीदी, छोड़िएगा मत!" "नाही सोडत, तू पुढे बघ!" मागून आईचं ओरडणं, चाचांच्या सूचना, सगळ्यांचा गोंधळ. हळूहळू तिची पाठ सरळ झाली. हँडल थरथरायचं थांबलं. मला कळलं की आता ही चालवते आहे, मी नुसतीच धरून पळते आहे.

मी धावता धावताच म्हटलं, "न मम," आणि हात सोडला. ती तशीच पुढे गेली. अजून ओरडत होती, छोड़िएगा मत.